हरायची नोकरी

माझ्या मुलीला पाहायला वर्ध्याहून पाहुणे आले होते. चहापोहे झाले, मुलीचं शिक्षण विचारून झालं, आणि मग मुलाच्या वडिलांनी आपला मोर्चा माझ्याकडे वळवला.

"आपण काय करता जी?"

"बॅडमिंटन हॉलवर असतो," मी म्हणालो.

"म्हणजे कोच?"

"नाही. कोच घाटे सर आहेत. मी सराव देतो."

"सराव देता म्हणजे नेमकं काय करता?"

माझी बायको शालू स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे करून पाहत होती. पण त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, खरं तेच तोंडातून निघालं. म्हणालो, "म्हणजे लोकांशी खेळतो आणि हरतो."

पाहुणे मोठ्यांदा हसले. मी हसत नाही हे लक्षात आलं तसं त्यांचं हसू हळूहळू आटत गेलं. "पूर्ण वेळ?" त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. रविवारी जरा जास्त."

लग्न ठरलं, झालं, सगळं व्यवस्थित आहे. पण जावई अजून फोनवर आधी "बाबा, आज कोणाकडून हरले?" असं विचारतात आणि मग तब्येत विचारतात.

तरुणपणी मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात होतो. कारखान्याची बॅडमिंटनची टीम होती आणि त्या टीममध्ये एकेरीचा खेळाडू मी होतो. कारखाना बंद पडला, टीम गेली, रॅकेट तेवढी हातात राहिली. घाटे सरांनी हॉल चालवायला घेतला तेव्हा मला बोलावलं. सर फार कमी बोलतात. "मेश्राम, समोर उभा राहशील?" एवढंच विचारलं. मी उभा राहिलो तो जवळजवळ पंचवीस वर्षं उभाच होतो.

ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. एकेरी खेळणाऱ्याला रोज समोर कोणीतरी लागतं. हा समोरचा माणूस थोडा वरचढ पाहिजे, पण फार वरचढ नको. त्यानं शटल नेमकं तिथं टाकायचं जिथं खेळणाऱ्याला पोचता येत नाही, आणि तिथं पोचता यायला लागलं की जागा बदलायची. आपण जिंकायचं आहे हे त्यानं विसरायचं असतं. वाटतं तितकं हे सोपं नाही. हातात रॅकेट, समोर अर्धं कोर्ट रिकामं, शटल छातीच्या उंचीवर तरंगत आलेलं, आणि आपण ते हळूच पोराच्या रॅकेटवर नेऊन ठेवायचं! सुरुवातीला माझा हात त्याला तयार नसे.

हरणंही नीट जमावं लागतं. पटापट हरलो तर समोरच्याला वाटतं आपली चेष्टा चाललीय. सगळा वेळ पुढं राहून शेवटी हरलो तर संशय येतो. शेवटचा पॉइंट त्यानं स्वतः खेचून आणलाय असं त्याला वाटलं पाहिजे, आणि त्या वेळी आपण कपाळाला हात लावला पाहिजे. कपाळाला हात लावण्यात मी तयार होतो.

सकाळच्या वेळी एक मोठे सरकारी साहेब खेळायला येत. एका रविवारी संध्याकाळी त्यांचा शिपाई माझ्या घरी आला.

"काका, उद्या साहेबांले जिंकू द्या ना जी."

"काहून? उद्या काय आहे?"

"उद्या माह्या बदलीवर सही आहे. मागच्या सोमवारी ते तुमच्याशी हरून आले अन् साऱ्यांचे सुट्टीचे अर्ज फेकून देल्ले."

माणूस अगदी काकुळतीला आला होता. मी सोमवारी हरलो. त्याच संध्याकाळी त्या ऑफिसातल्या एक बाई आल्या, त्यांना मुलीच्या बाळंतपणासाठी सुट्टी हवी होती. मग मंगळवारीही हरलो. असा पूर्ण आठवडा गेला. साहेबांना आपल्या खेळाबद्दल एवढी खात्री वाटायला लागली की त्यांनी अमरावतीला खात्याच्या स्पर्धेत नाव दिलं आणि पहिल्याच फेरीत एका कारकुनानं त्यांना धुऊन काढलं. परत आले तेव्हा माझ्याशी बोलले नाहीत. शिपायाची बदली झाली, पण त्यानं मागितली होती तिच्या बरोबर उलट्या दिशेला.

तर असं माझं बरं चाललं होतं. तेवढ्यात गौरी लांजेवार हॉलवर आली.

तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. केसांची एक बट कायम डोळ्यावर आणि ती फू करून उडवायची सवय. शहराच्या कडेच्या बेसाहून वडील तिला मोटारसायकलवर घेऊन यायचे. वडील दिवाकरराव. शहराच्या दुसऱ्या बाजूला वाडीला त्यांचा ट्रकांचा धंदा होता आणि जगातली कोणतीही गोष्ट ते ट्रकवरूनच समजून घेत. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, पोट्टीचं इंजिन एक नंबर आहे. पण लोड आला का गरम होते. तेवढं पाहून द्या."

मी म्हटलं, पाहू.

"अन् एक सांगतो. तुमी मस्त हरता म्हणते सारे."

"हाव," मी म्हणालो. मला वाटलं कौतुक चाललंय.

"माह्या पोट्टीशी हरायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज हरवा तिले. सपाट रोडवर तं कोणतीही गाडी पळते. चढावर पाह्यची असते."

मी घाटे सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. म्हणजे ठरलं.

त्या दिवशी घरी जायला उशीर झाला. शालूनं विचारलं, "काहून जी, आज एवढा वेळ?"

"जिंकून राहिलो होतो," मी म्हणालो.

तिनं जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पोरीशी रोज जिंकायचं म्हणजे मजाच असेल असं वाटेल. पण गौरी हरल्यावर रडायची नाही, चिडायची नाही. पाठ फिरवून पाणी प्यायची, बट उडवायची आणि यायची. "काका, अजून एक?" पुन्हा हरायची. "काका, अजून एक?" हॉल बंद करायची वेळ व्हायची. चौकीदार दिवे घालवायला लागायचा तरी ती एका दिव्याच्या उजेडात सर्व्हिस करायला उभी. खोटं कशाला सांगू, मलाही हळूहळू गोडी लागली. कारखाना बंद पडल्यापासून मी मन लावून खेळलोच नव्हतो. आता पुन्हा खेळायला लागलो होतो, तेही एका पोरीमुळे, जिच्या दप्तरावर अजून कार्टूनचे स्टिकर होते.

अशी तीन-चार वर्षं गेली. जिल्ह्यात ती तिच्या वयाच्या सगळ्या मुलींना हरवायला लागली. मला मात्र नाही. आणि मग एका सकाळी ते झालं.

तिसऱ्या गेमपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. शेवटी तिनं नेटच्या इतक्या जवळ शटल सोडलं की मी धावलो, वाकलो, रॅकेट घातली आणि तोंडावर आपटलो. शटल माझ्या नाकासमोर पडलेलं. मी हरलो होतो. खरोखर, मनापासून, सगळा जीव लावून हरलो होतो.

दिवाकरराव खुर्चीवरून उठून आले. मला वाटलं पेढे आणायला पाठवतील. ते म्हणाले, "भाऊ, तुमी मुद्दाम हरले."

"नाही जी! आई शप्पथ!"

"तुमचा धंदाच हा आहे. मी म्हटलं होतं ना, हरायचं नाही म्हणून."

मी हॉलमधल्या लोकांकडे साक्षीसाठी पाहिलं. ते सरकारी साहेब तिथंच बुटाची नाडी बांधत होते. ते म्हणाले, "आमच्याशीही असाच हरायचा. अगदी असाच पडायचा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांची माझी कला त्या दिवशी माझ्यावरच उलटली. दिवाकररावांनी पुन्हा गेम लावायला लावली. मी पुन्हा हरलो. "आता तं अजूनच चांगली ॲक्टिंग केली," ते म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारायला निघून गेले.

गौरी पाणी पीत उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "बाई, तुले तरी पटलं का?"

"हाव काका."

"कसं?"

"तुमी मुद्दाम हरता तेव्हा कपाळाला हात लावता. आज तुमी शिव्या देल्ल्या."

मी शिव्या दिल्या हे मला कळलंही नव्हतं.

त्यानंतर तिला हरवणं माझ्या हातात राहिलं नाही, म्हणून घाटे सरांनी माझं काम बदललं. गौरी आता राज्याच्या स्पर्धांना जायला लागली होती. ज्या मुलींशी तिचा सामना व्हायचा त्यांचे खेळ सर मोबाइलवर उतरवून आणत आणि मला दाखवत. "ही हो," एवढंच म्हणत. मी ती व्हायचो.

मुंबईची एक मुलगी डावखुरी होती. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली. डाव्या हाताला वळण लागावं म्हणून घरी वरणभातसुद्धा डाव्या हातानं कालवायला लागलो. शालू म्हणाली, "पंगतीत असे जेवाल तं लोकं काय म्हणतीन?" एक मुलगी पॉइंट घेतला की मूठ आवळून किंचाळायची. किंचाळलं तर गौरी बिचकते, म्हणून मलाही किंचाळायचं होतं. मी पहिल्यांदा किंचाळलो तेव्हा चौकीदार काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं हॉलमध्ये साप निघाला. दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा आला नाही, पण शेजारच्या योगवर्गातून तक्रार आली.

या सगळ्यांना गौरी हळूहळू उरकत गेली. एक मात्र तिला उरकत नव्हती. पुण्याची सानिका.

सानिका जोरात काही मारायचीच नाही. शटल आलं की उंच, आढ्याला लागेल असं, पार मागच्या रेषेवर उडवायची. आम्ही त्याला टॉस म्हणतो. तुम्ही मारा, ती टॉस करणार. पुन्हा मारा, ती पुन्हा टॉस करणार. शिवाय दोन पॉइंटच्या मध्ये ती टॉवेल घेऊन घाम पुसायची, इतकं सावकाश की जणू भांडी पुसतेय. गौरी चार टॉसपर्यंत धीर धरायची, पाचव्याला तापायची आणि शटल नेटमध्ये मारायची. इंजिन गरम होतं असं दिवाकरराव म्हणत होते ते हेच. दोघी दरवर्षी समोरासमोर यायच्या आणि दरवर्षी गौरी हरून यायची.

त्या वर्षी राज्य स्पर्धा नागपूरलाच व्हायची होती. शिवाय दक्षिणेतल्या एका मोठ्या अकादमीचे प्रशिक्षक मुली निवडायला येणार अशी बातमी होती. उन्हाळा लागला आणि सरांनी मला मोबाइलवर सानिका दाखवली. "ही हो. स्पर्धेपर्यंत."

मे महिन्यात नागपुरात बॅडमिंटन खेळणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. हॉलला मोठे कूलर आहेत, पण कूलरच्या हवेनं शटल उडतं, म्हणून खेळताना ते बंद. सगळे कूलर बंद करून त्या भट्टीत मी उन्हाळाभर टॉस केले. जोराचा एकही स्मॅश नाही, नेटजवळ हळूच सोडलेला एकही ड्रॉप नाही. फक्त टॉस, आणि मध्ये टॉवेल. माझी स्वतःची एक सवय आहे, सर्व्हिसच्या आधी पँट वर ओढायची, कारण पोटावर ती टिकत नाही. तेवढी सोडली तर मी नखशिखांत सानिका झालो होतो. हॉलमधली पोरं मला पाहून पळायची. माझ्याशी खेळायला बसलेला माणूस म्हातारा होऊन उठतो असं कोणीतरी उडवलं होतं.

एका दुपारी गौरीचा पारा चढला. तिनं रॅकेट खाली टाकली. "काका, तुमी माणूस आहे का भिंत?"

खुर्चीतून दिवाकरराव ओरडले, "वा! बरोब्बर चाललं भाऊ! चालू ठेवा!"

"बाबा, तुमी गप बसा ना!"

"इंजिन तापलं का वं?"

"हाव, तापलं!"

"मंग थांब, पाणी टाक, अन् चाल."

ती थांबली, पाणी प्यायली आणि आली. त्या उन्हाळ्यात तिचा धीर चार टॉसवरून दहावर गेला, दहावरून विसावर. माझे टोंगळे मात्र गेले. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो दाखवून विचारलं, "तुम्ही काम काय करता?" वर्ध्याच्या पाहुण्यांनंतर मी शहाणा झालो होतो. म्हणालो, "खाजगी नोकरी."

स्पर्धा आली. कोर्टाच्या मॅट दिवाकररावांच्या ट्रकमधून आल्या होत्या, त्यामुळे ते स्वतःला यजमान समजत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवले का?" विचारत होते. फायनलमध्ये गौरी आणि सानिका. घाटे सर कोर्टामागच्या खुर्चीवर, मी आणि दिवाकरराव वर प्रेक्षकांत, हॉलच्या पोरांबरोबर. मी निवांत होतो. उन्हाळाभर तयारी करून घेतलेला पेपर आता फक्त लिहायचा होता.

सामना सुरू झाला. गौरीनं उंच सर्व्हिस केली. सानिका उडी मारून वर गेली आणि तिनं असा स्मॅश हाणला की शटल गौरीच्या पायाशी आपटून उसळलं.

मी डोळे चोळले. दुसरा पॉइंट. पुन्हा स्मॅश. तिसरा. नेटवर येऊन झपकन मारलेला फटका. टॉवेल कुठंच नाही. तिनंही उन्हाळाभर मेहनत घेतली होती. मी ज्या मुलीची नक्कल केली होती, ती मुलगी आता उरलीच नव्हती.

दिवाकरराव माझ्याकडे वळले. "भाऊ, हे कोण आहे?"

"सानिकाच आहे जी."

"मंग तुमी कोण होते?"

खालून घाटे सरांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत सरांनी मला कधी बोल लावला नाही, पण ती नजर मला आठवते. पहिली गेम सानिकानं सहज घेतली. अकादमीचे ते प्रशिक्षक वहीत काहीतरी लिहीत होते, आणि ते गौरीबद्दल नसणार हे वरूनही कळत होतं.

मधल्या वेळात गौरी सरांजवळ गेली. सर काय म्हणाले ते तिनं मला नंतर सांगितलं. "ती घाईत आहे," एवढंच म्हणाले. गौरी खाली मान घालून उभी राहिली, मग तिनं टॉवेल घेतला आणि घाम पुसायला लागली. सावकाश. पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं तरी पुसतच होती.

दुसरी गेम सुरू झाली. सानिकानं स्मॅश मारला, गौरीनं तो उंच उडवला. दुसरा स्मॅश, पुन्हा उंच. तिसरा, चौथा. आढ्यापर्यंत जाऊन शटल पार मागच्या रेषेवर. सहाव्या स्मॅशला सानिकानं शटल नेटमध्ये मारलं. गौरी टॉवेलकडे चालत गेली. पंचांनी तिला हटकलं, तिनं हात जोडले, परत आली आणि सर्व्हिसच्या आधी चड्डीचा कमरपट्टा दोन्ही हातांनी वर ओढला.

माझ्या मागे बसलेली पोरं एकदम खिदळली. "अबे, हे तं काका आहे!"

खरंच मी होतो. ती माझ्यासारखी उभी राहत होती, माझ्यासारखं शटल उडवत होती, माझ्यासारखी गालात हवा भरून समोरच्याची वाट पाहत होती. उन्हाळाभर मी तिच्यासमोर भिंत होऊन उभा राहिलो आणि तिनं ती भिंत उचलून आपल्या बाजूला नेऊन ठेवली होती. दिवाकररावांना कळेना हसावं की ओरडावं. ते माझाच गुडघा दाबत सुटले, तोही दुखरा. मी ओरडलो ते लोकांना प्रोत्साहन वाटलं.

सानिकानं हिमतीनं झुंज दिली. मारत राहिली, पण मारून मारून तिचा हात जड झाला. तिसऱ्या गेमच्या शेवटी तिच्या डोळ्यांत तेच दिसायला लागलं जे मे महिन्यात गौरीच्या डोळ्यांत दिसायचं. शेवटचा स्मॅश नेटच्या पट्टीला लागून तिच्याच बाजूला पडला. हॉल नुसता डोक्यावर घेतला लोकांनी. दिवाकरराव समोर येईल त्याला मिठी मारत होते; त्यात एक पाणी वाटणारा आणि सानिकाचे काका होते.

सामना झाल्यावर सानिका गौरीजवळ आली. पोर गुणी होती, हरली तरी हात मिळवताना हसली. "तू इतका संयम कुठून आणलास गं?"

"तुझ्याचकडून शिकली."

"मी कधी शिकवलं?"

गौरीनं तिचा हात धरून तिला माझ्यासमोर आणलं. "हे आमचे काका. पूर्ण उन्हाळा हे तू होते."

सानिकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. टक्कल पाहिलं, पोट पाहिलं, गुडघ्याचा पट्टा पाहिला. मग हळूच विचारलं, "मी अशी दिसते?"

गौरीला अकादमीनं नेलं. निरोपाच्या दिवशी ती पाया पडली आणि म्हणाली, "काका, टोंगळे सांभाळा." मी काहीतरी छान बोलायचं ठरवून आलो होतो. "तिकडं जेवण नीट करत जा," एवढंच निघालं. वर्तमानपत्रात तिच्या बातम्या येतात. कोच म्हणून घाटे सरांचं नाव येतं, वडिलांचं येतं, आता अकादमीचं येतं. समोर उभा राहणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नाही. शालूला याचा राग येतो. मलाही कधी कधी येतो, पण मी बोलून दाखवत नाही. आज इथं लिहिलं, बस.

ती गेल्यावर मी फक्त सकाळचं काम ठेवलं. दिवाकररावांची मुलगी हॉलवर नव्हती, तरी ते रोज सकाळी बेसाहून यायचे. खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे, कोणाच्या तरी पोराला "इंजिन चांगलं आहे" म्हणायचे आणि वाडीला निघून जायचे.

मग या हिवाळ्यात पुण्याहून फोन आला. सानिकाची आई. "काका, सानिका सुट्टीत मावशीकडे नागपूरला येतेय. तिला तुमच्याकडे सराव करायचा आहे. म्हणजे..." त्या जरा अडखळल्या. "तुम्ही गौरी व्हाल का?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. घाटे सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तू ठरव." दिवाकररावांच्या कानावर गेलं, तेव्हा मात्र स्फोट झाला.

"भाऊ, आपली पोट्टी दुश्मनाच्या हाती देऊन राहिले तुमी?"

"दुश्मन कायची जी? लेकरू आहे."

"तिची सारी मशीन खोलून दाखवाल त्या पुणेकरणीले?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. गौरी कुठं कमी पडते हे जगात सगळ्यात जास्त मला माहीत होतं. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. शेवटी गौरीलाच फोन लावला.

ती ऐकून हसली. "शिकवा ना काका, बिनधास्त."

"तुले चालते?"

"चालते. पण नीट व्हा. माझा बॅकहँड कच्चा आहे म्हणून तुमी मुद्दाम चांगला दाखवाल, तसं नका करू." आणि मग म्हणाली, "अन् ती मले गाठेस्तोवर मी कुठं तशीच राहून राहिली?"

सानिका आली. पहिल्या सकाळी मी गुडघ्यांना पट्टे बांधले आणि कोर्टावर उभा राहिलो. दिवाकरराव आले होते, पण आपली रोजची खुर्ची सोडून पार लांब, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे. माझ्याकडे बघायचंही नाही असं त्यांचं ठरलेलं दिसत होतं.

मी गौरी व्हायला लागलो. तिचं ते नेटवर झेपावणं, मनगटातून शटल सोडणं, मागे जाताना अर्धा क्षण उशीर करणं. टक्कल असून मी बटसुद्धा फू करून उडवली. सानिकाला हसू आवरेना. मग तिचं हसू थांबलं, कारण पॉइंट जायला लागले. एवढ्या दिवसांनी मला जोरात मारायची परवानगी होती आणि हात सुटला होता.

मधेच लक्षात आलं की दिवाकरराव भिंतीजवळ नाहीत. ते कोर्टाच्या रेषेपाशी येऊन उभे होते. हाताची घडी सुटली होती. माझ्या पायांकडे पाहत होते, एकटक.

सानिकानं एक उंच टॉस मागच्या रेषेवर टाकला. मी नेटजवळ होतो. गौरी जशी उशीर करते तसा मी उशीर केला.

"गौरे! मागं जाय वं, मागं!"

अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. ओरडून झाल्यावर आपण काय ओरडलो हे दिवाकररावांनाच कळलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. शटल अजून वरच होतं. मी मागं गेलो.